मेंदूचा क्षयरोग : वेळेत ओळखण्याचे आव्हान

(स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



क्षयरोग हा विषय आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे क्षयाच्या जंतूचा शोध जाहीर केला, म्हणून २४ मार्च हा जागतिक क्षयरोग दिन. राष्ट्रीय कार्यक्रम १९६२ मध्ये सुरू झाला. २०२० मध्ये त्याचे नामकरण 'राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रम' असे झाले. हे सर्व आपण पाठ केलेले असेलच. मात्र क्षयरोग म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर खोकणारा, खंगलेला रुग्ण उभा राहतो. हा रोग फुप्फुसाबाहेरही होतो आणि त्याचे सर्वांत घातक रूप मेंदू व मज्जासंस्थेत आढळते, याकडे आपले पुरेसे लक्ष जात नाही. आजच्या व्याख्यानाचा विषय हाच आहे.

प्रारंभी एक अनुभव सांगतो. १९८९ च्या पावसाळ्यात मी मध्य प्रदेशातील एका जिल्ह्याच्या ठिकाणी नवखा वैद्यकीय अधिकारी होतो. चार वर्षांच्या एका मुलाला त्याची आई घेऊन आली. दहा दिवसांपासून बारीक ताप, अधूनमधून उलटी, भूक नाही. रक्ताच्या तपासणीत विषमज्वराचा संशय घेता येईल असा निष्कर्ष आला आणि मी त्यानुसार औषधे लिहून दिली. निघताना ती माउली म्हणाली, "डॉक्टरसाहेब, पोरगा अंगणात जातच नाही. नुसता भिंतीकडे तोंड करून पडून राहतो. हात लावला तरी चिडतो." अशक्तपणामुळे असेल, असे मी तिला सांगितले. आठ दिवसांनी ती परत आली तेव्हा मुलाचा एक डोळा तिरळा झाला होता, मान ताठ होती, आणि हाक मारल्यावर तो जेमतेम डोळे उघडत होता. घरातील आजोबा दोन महिन्यांपासून खोकत होते, हे मला त्या दिवशी कळले. कारण त्या दिवशी मी प्रथमच विचारले. मूल वाचले, परंतु त्याची उजवी बाजू लुळी राहिली आणि वाचा पूर्णपणे परतली नाही. आईने मला रोगाचे लक्षण सांगितले होते. ते ऐकून न घेण्याची चूक माझी होती. आज जे सांगणार आहे त्यामागे त्या आठ दिवसांची जाणीव आहे.

रोगाची उत्पत्ती

मेंदूच्या आवरणाचा क्षय हा काही नवा रोग नव्हे. एडिंबरोचे वैद्य रॉबर्ट व्हिट यांचे 'मेंदूतील जलोदर' या विषयावरील विवेचन १७६८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात मुलांमधील या रोगाचे टप्प्याटप्प्याने बिघडत जाणारे चित्र आढळते. जंतूचा शोध लागण्यापूर्वी शंभराहून अधिक वर्षे आधीचे हे निरीक्षण आहे.

क्षयाचे जंतू प्रथम श्वासावाटे फुप्फुसात शिरतात. तेथून काही जंतू रक्तावाटे शरीरभर पसरतात व मेंदूच्या पृष्ठभागालगत सूक्ष्म गाठी निर्माण करतात. १९३३ मध्ये अर्नोल्ड रिच आणि हॉवर्ड मॅकॉर्डॉक यांनी दाखवून दिले की, अशी एखादी गाठ फुटून जंतू मेंदूभोवतीच्या द्रवात उतरतात तेव्हा आवरणाचा दाह सुरू होतो. या गाठीला 'रिच फोकस' असे नाव पडले.

दाहामुळे मेंदूच्या तळाशी घट्ट, चिकट असा स्राव साचतो. पुढील सर्व दुष्परिणाम या एका गोष्टीतून समजून घेता येतात. तळाशी डोळे व चेहरा यांच्याकडे जाणाऱ्या नसा असतात. त्या स्रावात अडकल्या की तिरळेपणा येतो, पापणी पडते, दृष्टी जाते. तेथूनच मेंदूला रक्त पुरवणाऱ्या धमन्या जातात. त्या सुजून बंद झाल्या की पक्षाघात होतो. मेंदूतील द्रवाचा मार्गही तेथेच रोखला जातो. मग द्रव साचून मेंदूतील पोकळ्या फुगतात. यालाच जलशीर्ष म्हणतात. एकूण क्षयरुग्णांपैकी सुमारे एक टक्का रुग्णांमध्येच मज्जासंस्थेचा क्षय आढळतो. परंतु मृत्यू आणि कायमचे अपंगत्व यांचे प्रमाण पाहता त्याचे महत्त्व या टक्केवारीहून कितीतरी मोठे आहे.

लक्षणांचे तीन टप्पे

या रोगाची ओळख कठीण का, याचे उत्तर त्याच्या संथ गतीत आहे. इतर जंतूंमुळे होणारा मस्तिष्कावरणदाह तास-दिवसांत रुग्णाला आडवा करतो. क्षयामुळे होणारा दाह मात्र दोन-तीन आठवडे दबक्या पावलांनी येतो. ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने १९४८ मध्ये रोगाचे तीन टप्पे ठरवले आणि आजही त्यांचाच वापर होतो.

पहिल्या टप्प्यात रुग्ण पूर्ण शुद्धीवर असतो. बारीक ताप, डोकेदुखी, उलट्या, भूक मंदावणे, वजन घटणे, एवढीच लक्षणे असतात. लहान मूल खेळणे सोडते, चिडचिड करते, झोपाळू होते. मोठ्या माणसाच्या स्वभावात फरक पडतो, कामात लक्ष लागत नाही. दुसऱ्या टप्प्यात गुंगी येऊ लागते किंवा तिरळेपणा, हातापायातील अशक्तपणा अशी खूण उमटते. तिसऱ्या टप्प्यात रुग्ण बेशुद्धीकडे जातो अथवा पूर्ण लुळा पडतो. आकडी कोणत्याही टप्प्यात येऊ शकते.

उपचारांचे फलित बहुतांशी उपचार कोणत्या टप्प्यात सुरू झाले यावर अवलंबून असते. पहिल्या टप्प्यात औषधे मिळालेले बहुसंख्य रुग्ण बरे होतात. तिसऱ्या टप्प्यात पोहोचलेल्यांपैकी फार थोडे धडधाकट घरी जातात. बालरुग्णांविषयीच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार उपचार घेऊनही सुमारे १९ टक्के मुले दगावली, आणि वाचलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक मुलांमध्ये मज्जासंस्थेचे काही ना काही व्यंग राहिले.

मुंबईच्या वैद्यकीय परंपरेचा येथे उल्लेख करावयास हवा. बालरोगतज्ज्ञ डॉ. पी. एम. उदानी आणि मज्जाविकृतिशास्त्रज्ञ डॉ. डी. के. दस्तूर यांनी १९७० मध्ये मुलांमधील क्षयजन्य मस्तिष्कविकाराचे वर्णन केले. आवरणदाहाची चिन्हे ठळक नसतानाही क्षयामुळे मेंदूला इजा होऊ शकते, हे त्यातून पुढे आले. सारांश, मान ताठ नाही म्हणून निर्धास्त राहणे योग्य नव्हे. लहान बाळात तर मान ताठ होण्यापूर्वीच टाळू फुगलेली आढळू शकते.

चार साधे प्रश्न

रोगाचा संशय घेण्यासाठी मोठी यंत्रसामग्री लागत नाही. आशा कार्यकर्तीपासून तज्ज्ञापर्यंत कोणीही विचारू शकेल असे चार प्रश्न आहेत.

पहिला प्रश्न : त्रास किती दिवसांचा आहे? ताप व डोकेदुखी पाच दिवसांहून अधिक टिकली असेल, तर क्षयाचा विचार झालाच पाहिजे. दुसरा प्रश्न : घरात किंवा शेजारी कोणी खोकते काय, कोणी क्षयाची औषधे घेते वा घेत होते काय? क्षयग्रस्त मुलाला रोग बहुधा घरातील मोठ्या माणसाकडूनच मिळालेला असतो आणि मेंदूचा क्षय अनेकदा संसर्गानंतर काही महिन्यांतच उद्भवतो. तिसरा प्रश्न : वजन घटले आहे काय, वाढ खुंटली आहे काय? चौथा प्रश्न आईला विचारावयाचा : मूल पूर्वीसारखे आहे काय? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही प्रयोगशाळेत मिळत नाही.

पाच वर्षांखालील मुले, कुपोषित व्यक्ती, एचआयव्हीबाधित आणि प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे घेणारे रुग्ण यांना धोका अधिक असतो. विलंबाची कारणेही ठरावीक असतात. मलेरिया, विषमज्वर, साधा विषाणुजन्य ताप अशी निदाने एकामागून एक होतात. काही प्रतिजैविके क्षयाच्या जंतूंवरही अंशतः परिणाम करतात. त्यामुळे चार दिवस बरे वाटते आणि खरे निदान लांबते. कोठे स्वभावातील बदलाला बाहेरची बाधा समजून अंगारे-धुपारे केले जातात. रोगाला लागणारा वेळ अशा रीतीने आपणच त्याला मिळवून देतो.

मणक्यातील पाण्याची तपासणी

निदानाचा कणा म्हणजे मेंदू व मज्जारज्जूभोवतीच्या द्रवाची तपासणी. हाइनरिख क्विंके यांनी १८९१ मध्ये कमरेच्या मणक्यांतून हा द्रव काढण्याची पद्धत रूढ केली. 'पाठीतले पाणी काढले की माणूस पांगळा होतो' हा समज आपल्या देशात खोलवर रुजलेला आहे आणि त्यापायी अनेक कुटुंबे तपासणीला नकार देतात. वस्तुस्थिती अशी की मज्जारज्जू कमरेच्या वरच्या भागातच संपतो आणि सुई त्याच्या खाली घातली जाते. पांगळेपणा आलाच तर तो रोगामुळे येतो. मेंदूतील दाब धोकादायकरीत्या वाढल्याचा संशय असेल तेथे आधी सीटी स्कॅन करून मग निर्णय घ्यावा लागतो, हेही लक्षात ठेवावे.

या द्रवाचे वाचन परीक्षेच्या दृष्टीनेही उपयुक्त आहे. सामान्य जंतुसंसर्गात द्रव गढूळ असतो, त्यात न्यूट्रोफिल पेशी वाढतात व साखर फार कमी होते. विषाणुसंसर्गात द्रव स्वच्छ असतो, लिम्फोसाइट पेशी वाढतात, पण साखर बहुधा सामान्य राहते. क्षयात द्रव स्वच्छ वा किंचित पिवळसर दिसतो, लिम्फोसाइट वाढतात, प्रथिने वाढतात आणि साखर रक्तातील साखरेच्या निम्म्याहून कमी होते. म्हणूनच त्याच वेळी रक्तातील साखरही तपासावी लागते. द्रव काही काळ स्थिर ठेवल्यास त्यात कोळ्याच्या जाळ्यासारखा पडदा धरलेला दिसू शकतो.

खुद्द जंतू सापडणे मात्र कठीण असते, कारण द्रवात त्यांची संख्या अल्प असते. सूक्ष्मदर्शकाखाली ते अनेकदा दिसत नाहीत. जंतुसंवर्धनाला काही आठवडे लागतात आणि तेवढा वेळ रुग्णापाशी नसतो. जनुकीय तपासणीमुळे ही अडचण काही अंशी दूर झाली आहे. आपल्याकडे सीबीनॅट या नावाने परिचित असलेल्या चाचणीस जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये मान्यता दिली आणि २०१३ मध्ये मेंदूभोवतीच्या द्रवासाठीही तिची शिफारस केली. अवघ्या काही तासांत जंतूचे अस्तित्व व रिफाम्पिसिनला असलेला त्याचा प्रतिरोध अशा दोन्ही गोष्टी कळतात. तथापि एक मर्यादा विसरता कामा नये : चाचणी नकारात्मक आली म्हणजे रोग नाही, असे सिद्ध होत नाही. लक्षणे, द्रवाचे स्वरूप व स्कॅन क्षयाकडे बोट दाखवत असतील तर अहवालाची वाट न पाहता उपचार सुरू करणे हेच योग्य ठरते. क्षयनिदानासाठी रक्तातील प्रतिपिंडांच्या चाचण्या विश्वासार्ह नसल्याने भारत सरकारने २०१२ मध्ये त्यांवर बंदी घातली, हेही ध्यानात असू द्यावे.

गाठी आणि पाठीचा कणा

मज्जासंस्थेच्या क्षयाची आणखी दोन रूपे आहेत. पहिले रूप म्हणजे मेंदूतील क्षयगाठ. ताप वगैरे काही नसताना अचानक आलेली आकडी हेच तिचे पहिले लक्षण असू शकते. आपल्या देशात अशीच गाठ फीतकृमीच्या अळीमुळेही होते आणि दोहोंतील फरक ओळखणे महत्त्वाचे ठरते. अन्यथा गरज नसताना क्षयाची औषधे महिनोन् महिने दिली जातात. या प्रश्नावर वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील संशोधकांनी मोलाचे काम केले आहे. एकटी गाठ २० मिलिमीटरहून लहान असेल व दाबवाढीची चिन्हे नसतील तर ती अळीची असण्याची शक्यता अधिक. मोठी गाठ व वाढता त्रास असल्यास क्षयाचा विचार प्रबळ होतो.

दुसरे रूप म्हणजे मणक्याचा क्षय. इंग्लंडचे शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ मध्ये त्याचे वर्णन केले. रात्रीही न थांबणारी, आठवडेच्या आठवडे चालणारी पाठदुखी, त्यासोबत ताप वा वजनघट, आणि पाठीवर आलेला उंचवटा ही त्याची चिन्हे होत. मज्जारज्जूवर दाब आला की पाय जड पडतात, लघवीवरील ताबा सुटतो. त्यापूर्वीच निदान झाले तर हा लुळेपणा टाळता येतो.

उपचार

१९४० च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन उपलब्ध होईपर्यंत मेंदूच्या आवरणाचा क्षय म्हणजे जवळजवळ निश्चित मृत्यू होता. आज पहिले दोन महिने आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड व इथाम्ब्युटॉल ही चार औषधे आणि त्यानंतर तीन औषधे, असा एकंदर किमान नऊ महिन्यांचा उपचार २०१६ च्या भारतीय मार्गदर्शक सूचनांत सांगितला आहे. फुप्फुसाच्या क्षयापेक्षा हा कालावधी अधिक आहे, कारण सर्व औषधे मेंदूत सारख्याच प्रमाणात पोहोचत नाहीत. आयसोनियाझिड व पायराझिनामाइड चांगली पोहोचतात, रिफाम्पिसिन कमी, इथाम्ब्युटॉल त्याहूनही कमी.

सूज रोखण्यासाठी सोबत स्टेरॉइड देतात. व्हिएतनाममध्ये ५४५ रुग्णांवर झालेल्या व २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत डेक्सामेथासोनमुळे मृत्यूचे प्रमाण ४१.३ टक्क्यांवरून ३१.८ टक्क्यांवर आले. गंभीर अपंगत्व मात्र कमी झाले नाही. एचआयव्हीबाधित प्रौढांमध्ये असा लाभ २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसून आला नाही. जलशीर्ष झाल्यास साचलेला द्रव पोटात वळवण्याची शस्त्रक्रिया करावी लागते. जीव औषधे वाचवू शकतात. परंतु बंद झालेल्या धमनीमुळे मेलेला मेंदूचा भाग कोणतेही औषध परत आणू शकत नाही. म्हणूनच लवकर निदानावर एवढा भर द्यावा लागतो.

प्रतिबंध आणि राष्ट्रीय प्रयत्न

भारतीय संशोधनाने क्षयरोगाच्या जागतिक धोरणास दिशा दिली आहे. १९५६ मध्ये मद्रास येथे स्थापन झालेल्या केंद्रातील अभ्यासाने घरी राहून घेतलेले उपचार रुग्णालयातील उपचारांइतकेच परिणामकारक असतात, हे सिद्ध केले. तमिळनाडूतील चेंगलपट्टू येथे १९६८ मध्ये सुरू झालेल्या चाचणीत बीसीजी लस प्रौढांना फुप्फुसाच्या क्षयापासून संरक्षण देत नाही असे आढळले. मग ही लस आजही जन्मतःच का दिली जाते, असा प्रश्न परीक्षेत विचारला जाऊ शकतो. त्याचे उत्तर आजच्या विषयातच आहे : लहान मुलांना मेंदूचा व सर्वांगात पसरणारा क्षय होऊ नये यासाठी बीसीजीचा निश्चित उपयोग होतो. आपल्याकडे ही लस जन्मानंतर शक्य तितक्या लवकर, आणि राहून गेल्यास एक वर्षापर्यंत देतात.

दुसरे साधन म्हणजे प्रतिबंधक औषधोपचार. फुप्फुसाच्या क्षयरुग्णाच्या घरातील पाच वर्षांखालील मुलांसाठी तो पूर्वीपासून होता; २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी तो घरातील सर्व सहवासितांपर्यंत विस्तारला. त्या आजोबांचे निदान वेळेत झाले असते आणि नातवाला असे औषध मिळाले असते, तर मी सांगितलेली हकीकत कदाचित घडलीच नसती.

२०१२ पासून क्षयरोगाची नोंद शासनास कळवणे खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक आहे. एप्रिल २०१८ मध्ये सुरू झालेल्या निक्षय पोषण योजनेखाली रुग्णाला दरमहा ५०० रुपये मिळत. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रुपये करण्यात आली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार भारतातील रोगाचे प्रमाण लाख लोकसंख्येमागे २०१५ मधील २३७ वरून २०२३ मध्ये १९५ वर आले. ही घट उत्साहवर्धक असली तरी २०२३ मध्ये जगातील एकूण नव्या क्षयरुग्णांपैकी २६ टक्के भारतात होते. क्षयमुक्तीसाठी देशाने २०२५ हे वर्ष निश्चित केले होते, तर शाश्वत विकास उद्दिष्टांतील मुदत २०३० आहे. पुढचा मार्ग किती खडतर आहे हे या आकड्यांवरून ध्यानात येते.

समारोप

मित्रहो, आपल्यापैकी काहीजण उद्या तालुक्याचे, जिल्ह्याचे प्रशासन सांभाळतील. तेव्हा आपल्यासमोर क्षयरोगाचे तक्ते येतील. नोंदणी किती, उपचार पूर्ण किती, मृत्यू किती, हे आपण पाहालच. त्यासोबत आणखी तीन गोष्टी विचारा. प्रत्येक रुग्णाच्या घरातील मुलांची तपासणी झाली काय? मणक्यातील पाणी काढण्याची व त्याची जनुकीय चाचणी करण्याची सोय रुग्णापासून किती अंतरावर आहे? आणि मेंदूच्या क्षयाचे निदान झालेल्या रुग्णाला पहिल्या लक्षणापासून पहिल्या गोळीपर्यंत किती दिवस लागले? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सहसा कोणत्याही तक्त्यात नसते. ते मागणारा अधिकारी भेटला तर ते लिहिले जाऊ लागेल, आणि लिहिले जाऊ लागले की ते दिवस कमी करण्याचा प्रयत्नही सुरू होईल.

आपणापैकी जे प्रशासनात जाणार नाहीत, तेही कोणाचे तरी काका, मावशी, शेजारी असणारच आहेत. आठवडाभर ताप असलेले मूल खेळेनासे झाले, तर त्याच्या आईचे म्हणणे ऐका आणि तिला त्याच दिवशी रुग्णालयात न्या. मला जे कळायला आठ दिवस उशीर झाला, ते आपल्याला आज कळलेले आहे.